घराजवळचं चायनीज टेकआउट: आधी चाखा, मग पार्टीचे ट्रे सांगा

अमेरिकेत आपल्याकडे वाढदिवस, बारसं किंवा मुलांची ग्रॅज्युएशन पार्टी असली की छोले-पनीर-नानचा तोच मेनू नको म्हणून कुणीतरी सुचवतं, "चायनीज मागवू या की, कोपऱ्यावरच तर आहे." मग ठरल्यासारख्या तीन गोष्टी होतात. 'व्हेजिटेबल फ्राइड राइस'च्या ट्रेमधून अंड्याचे तुकडे निघतात. कुरकुरीत म्हणून मागवलेलं चिकन वाढेपर्यंत मऊ पडलेलं असतं. आणि मेनूवर लाल मिरचीचं चित्र असलेला पदार्थ गोडमिट्ट लागतो. यात दुकानाची चूक बहुतेक वेळा नसते. आपणच न चाखता, न विचारता, मुंबई-पुण्याचं चायनीज डोक्यात ठेवून ऑर्डर दिलेली असते.

पुढचं सगळं न्यू जर्सीसारख्या पूर्व किनाऱ्यावरच्या राज्यातलं, स्ट्रिप मॉलमधलं, एक काउंटर आणि चार खुर्च्यांचं साधं टेकआउट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. इतर राज्यांत मेनू थोडा बदलेल, कामाचा क्रम तोच राहील. पार्टीच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा. दोन दिवस आधी धावपळ करणाऱ्यांसाठी यातलं फारसं काही उपयोगाचं नाही.

## टप्पा १: फोन उचलण्याआधी घरात ठरवायचं

"तीस माणसं" एवढी माहिती पुरत नाही. एका कागदावर रकाने करा: अंडंही न खाणारे, अंडं चालणारे, चिकन खाणारे पण बीफ-पोर्क न खाणारे, सगळं खाणारे, कांदा-लसूण न खाणारे, अॅलर्जी असलेले, आणि दहा वर्षांखालची मुलं. मराठी घरांतल्या यादीत पहिला आणि तिसरा रकाना बहुधा सगळ्यात लांब होतो. टेकआउटचं स्वयंपाकघर मात्र नेमकं हेच दोन रकाने वेगळे करत नाही.

मग कॅलेंडर बघा. पार्टी श्रावणात, नवरात्रात किंवा संकष्टीला येत असेल तर एरवी चिकन खाणारेही त्या दिवशी शाकाहारी होतात. मंदिराचा हॉल घेतला असेल तर मांसाहाराला आणि पेटत्या ज्योतीला परवानगी आहे का, हे आत्ताच विचारून घ्या. चिकनचा ट्रे गाडीत पडून राहण्यापेक्षा हे बरं.

तपासा: अॅलर्जीचा रकाना रिकामा ठेवू नका, प्रत्येक घराला विचारा. अमेरिकी कायद्यात प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ नऊ आहेत. तीळ हा त्यातला नववा, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला. दूध सोडलं तर बाकीचे आठही (अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांचा वर्ग, शेंगदाणे, काजू-बदामांचा वर्ग, गहू, सोया, तीळ) या स्वयंपाकघरात रोज हाताळले जातात. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेलं मूल येणार असेल तर त्याचं जेवण घरीच करा. एकाच कढईत, एकाच पळीनं सगळं परतलं जातं तिथं "नो पीनट" या शब्दांवर विसंबता येत नाही.

## टप्पा २: मेनू नीट वाचा

पार्टीचं बरंवाईट इथंच ठरतं, म्हणून इथं वेळ घालवा.

मंचुरियन, हक्का नूडल्स, ट्रिपल शेजवान यातलं काही इथं मिळणार नाही. ते आपलं इंडो-चायनीज. तेच हवं असेल तर न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडकडे, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्याकडे, वळा आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडून ती अपेक्षा ठेवू नका. हक्का नूडल्सच्या सगळ्यात जवळचा पदार्थ म्हणजे लो मेन: मऊ, जाडसर, सोया सॉसमध्ये घोळवलेल्या. 'चाऊ मेन' वाचून फसू नका. पश्चिम किनाऱ्यावर त्या नावानं परतलेल्या नूडल्स मिळतात, पण पूर्व किनाऱ्यावरच्या बऱ्याच जुन्या टेकआउटमध्ये पांढरट सॉसमधली कोबी-सेलरीची भाजी येते आणि तळलेल्या कुरकुरीत नूडल्सची पुडी वेगळी. वीस माणसांसाठी ती आली की यजमानांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कागदी मेनूत 'कॉम्बिनेशन प्लेट' नावाचा एक चौकोन असतो. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सोबत पोर्क फ्राइड राइस आणि एग रोल मिळेल. म्हणजे तुम्ही 'ब्रोकोली विथ गार्लिक सॉस' प्लेट सांगितलीत तरी भातात पोर्क येणार. साधा पांढरा भात किंवा व्हेज फ्राइड राइस बदलून मिळतो, पण सांगावं लागतं. ठरावीक रकमेवर फुकट मिळणाऱ्या एग रोलचंही तसंच. त्या सारणात पोर्क किंवा कोळंबी असू शकते. त्याऐवजी व्हेज स्प्रिंग रोल मागा.

नावावरून शाकाहारी वाटणारे, पण बऱ्याचदा नसलेले पदार्थ:

- मापो टोफू: मूळ कृतीतच खिमा आहे.
- ड्राय सॉटेड स्ट्रिंग बीन्स: फरसबीवर पोर्कचा बारीक खिमा भुरभुरवलेला असू शकतो.
- हॉट अँड सावर सूप: अंडं असतंच, पोर्कच्या पट्ट्याही बहुधा असतात आणि पाणी कोंबडीच्या हाडांचं.
- सिंगापूर मेइ फन (तांदळाच्या बारीक शेवया): हळद-करी पावडरमुळे आपली वाटते, पण नेहमीच्या रूपात कोळंबी, पोर्क, अंडं तिन्ही.
- क्रॅब रंगून: मुलांना ते चीजचे समोसे वाटतात. आत क्रीम चीजबरोबर खेकड्याचं किंवा माशापासून केलेलं नकली खेकड्याचं सारण असतं. दूध या स्वयंपाकघरात शिरतं ते इथूनच.

उलट, पाकिटातल्या केशरी 'डक सॉस'मध्ये बदक नसतं. जर्दाळू किंवा पीचसारखं फळ, साखर आणि व्हिनेगर यांचा तो मामला आहे. तो निर्धास्त घ्या.

लाल मिरचीचं चित्र म्हणजे तिखट, असं समजू नका. जनरल त्सो, ऑरेंज, सेसमी हे तिन्ही मुळात गोड पदार्थ आहेत: तळलेले चिकन किंवा टोफूचे तुकडे, गोडसर सॉसमध्ये घोळवलेले. मुलांना म्हणूनच आवडतात. मोठ्यांसाठी गार्लिक सॉस, हुनान किंवा सेझुआन या नावांखालचं काहीतरी निवडा आणि तिखट वेगळं ठेवा.

## टप्पा ३: दुकान बघून या

पहिली ऑर्डर अॅपवरून देऊ नका. डोअरडॅश, उबर ईट्सवरच्या किमती बऱ्याचदा दुकानापेक्षा जास्त असतात, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघर दिसत नाही. जाऊन काउंटरशी उभे राहा. दारापाशी आरोग्य तपासणीचा कागद लावलेला असतो. न्यू जर्सीत त्यावर 'सॅटिस्फॅक्टरी' लिहिलेलं हवं. 'कंडिशनली सॅटिस्फॅक्टरी' म्हणजे काही उणिवा सापडल्या आहेत. न्यूयॉर्क शहरात ए, बी, सी अशी अक्षरं असतात.

नाक वापरा. जुन्या तेलाचा वास दारातच येतो. काउंटरवरून आत नजर गेली तर आचारी किती आहेत ते पाहा. एकटाच माणूस वोक सांभाळत असेल तर तो चवीला उत्तम असेलही, पण शनिवारी संध्याकाळी सहा ट्रे आणि रोजची गिऱ्हाइकं त्याला झेपतील का, हा प्रश्न मनात ठेवा.

"केटरिंग मेनू आहे का?" असं विचारा. छापील असेल तर उत्तम. नसेल तरी बहुतेक ठिकाणी ट्रे करून देतात, भाव तोंडी सांगतात.

## टप्पा ४: चाचणीची ऑर्डर

इथं लोक स्वतःला आवडणारं मागवतात. तसं नको. पार्टीत ठेवायचे तेच पदार्थ, लहान मापात मागवा. पिंट म्हणजे १६ औंसांचा डबा, क्वार्ट ३२ औंसांचा, लिटरपेक्षा किंचित कमी. माझी नेहमीची चाचणी अशी असते: अंड्याशिवाय व्हेज फ्राइड राइस, व्हेज लो मेन, जनरल त्सो टोफू किंवा चिकन, गार्लिक सॉसमधली फरसबी किंवा वांगी, आणि स्प्रिंग रोल. पाचांत पूर्ण स्वयंपाकघराची परीक्षा होते: भाताचा दाणा, नूडल्सचं तेल, तळण, सॉस आणि भाजीचा कच्चेपणा.

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान फोन करा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फोन उचलणाऱ्याला बोलायला सवड नसते. लांब वाक्यं टाळा. मेनूतला क्रमांक, मग माप, मग बदल, या क्रमानं सांगा: "व्हेजिटेबल फ्राइड राइस, क्वार्ट, नो एग." एक पदार्थ पूर्ण झाला की पुढचा. सगळे बदल शेवटी एकत्र सांगितलेत तर ते एकाच पदार्थाला लागतात, किंवा कुठल्याच नाही.

सावधान: "व्हेजिटेरियन" हा एकच शब्द सांगून थांबू नका. अंडं आणि कोंबडीच्या पाण्यातला सॉस यांना कित्येकजण मांसाहारात धरत नाहीत. शब्दापेक्षा जिन्नस सांगा: नो एग, नो ऑयस्टर सॉस (तो कालवांचा असतो), नो फिश सॉस, नो चिकन ब्रॉथ.

## टप्पा ५: सॉसबद्दलचे खरे प्रश्न

ब्राऊन सॉसमध्ये बहुतेक ठिकाणी ऑयस्टर सॉस असतो. व्हाइट सॉस दिसायला निरागस, पण तो साधारणपणे चिकन स्टॉक आणि कॉर्नस्टार्चचाच असतो. गार्लिक सॉस सोया, व्हिनेगर, साखर, मिरची यांवर चालतो, तरी पातळ करायला स्टॉकची पळी पडू शकते. आणि बऱ्याच सॉसमध्ये स्वयंपाकाची वाइन असते. ज्यांना ती चालत नाही त्यांच्यासाठी तेही विचारा.

कळीचा प्रश्न हा: "हा सॉस आधी करून ठेवलेला आहे की माझ्या ऑर्डरसाठी करणार?" जनरल त्सो किंवा ब्राऊन सॉस बादलीभर कालवून ठेवलेला असेल तर त्यातून ऑयस्टर सॉस वगळता येत नाही, मग आचाऱ्यानं कितीही मान डोलावली तरी. गरम वोकमध्ये सोया, लसूण, मिरची, पाणी घालून ताजा केला तर जमतं. एमएसजी (आपलं अजिनोमोटो) नको म्हणणाऱ्यांनाही हेच लागू: वरून टाकायची पूड टाळता येते, तयार सॉसमधली नाही. (अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन एमएसजीला सुरक्षित धरतं, तेव्हा या एका मुद्द्यावर मी तरी फार ताणत नाही.)

तळणाचंही विचारा. बहुधा टोफू, स्प्रिंग रोल, चिकन, कोळंबी सगळं एकाच तेलात तळलं जातं. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी 'डाएट मेनू'चा चौकोन कामाचा: उकडलेल्या भाज्या आणि टोफू, सॉस वेगळ्या डबीत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही हाच मार्ग, पांढऱ्या भाताबरोबर. फारसं चटकदार नाही, पण खात्रीचं आहे.

तपासा: उत्तर देणारी व्यक्ती आत जाऊन आचाऱ्याला विचारून आली का? न विचारता लगेच "येस, येस" आलं तर तो होकार धरू नका. दुपारच्या निवांत वेळेत परत विचारा.

## टप्पा ६: घरी आणून दोनदा चाखा

डबा उघडल्या उघडल्या लागणारी चव पार्टीत कुणालाच मिळणार नाही. म्हणून एक घास लगेच घ्या, झाकण परत लावा, पाऊण तासानं पुन्हा खा. पाहुण्यांच्या ताटात जाणार ती ही दुसरी चव.

पाऊण तासानंतर काय दिसतं ते असं. चांगल्या फ्राइड राइसचा दाणा सुटाच राहतो आणि डब्याच्या तळाशी तेलाचं तळं नसतं. लो मेन थोड्या चिकटतात, पण काट्यानं सहज सुटल्या पाहिजेत. गोळाच निघाला तर त्या जास्त उकडल्या आहेत आणि मोठ्या ट्रेमध्ये त्यांची वडी होणार. ब्रोकोली बघा: आणताना हिरवीगार, आता वाफेनं काळपट आणि लिबलिबीत. ट्रेमध्ये तिचं याहून वाईट होतं, कारण झाकणाखाली ती शिजतच राहते. फरसबी आणि वांगी टिकतात. वांगं जरा तेल सोडतं एवढंच. चाऊ फनच्या रुंद तांदळाच्या पट्ट्या निवल्या की तुटतात, ट्रेसाठी बाद. टोफू-चिकनचं आवरण सॉस पिऊन सैल होतं आणि चमच्यानं उचलताना सालीसारखं निघून येतं. हे जवळजवळ प्रत्येक दुकानात होतं. त्याचा इलाज पुढे आहे.

चव पसंत पडली तर एकदा पार्टीच्याच वारी, त्याच वेळेला, काहीतरी छोटं मागवून बघा. मंगळवारच्या दुपारचा हात आणि शनिवारच्या संध्याकाळचा हात वेगळा असतो. सांगितलेल्या वेळेपेक्षा किती उशीर झाला, तेही टिपून ठेवा.

## टप्पा ७: ट्रेचं गणित

"हाफ ट्रे दहा जणांना पुरतो" हे वाक्य सगळे सांगतात आणि ते अर्धवट आहे. कशाबरोबर, किती पदार्थांत, हे कुणी सांगत नाही. शिवाय हाफ आणि फुल ही लांबी-रुंदीची मापं झाली, खोली दुकानागणिक बदलते. म्हणून विचारा, "तुमच्या हाफ ट्रेमध्ये किती क्वार्ट मावतं?" काठोकाठ भरला तर साधारण चार. मग क्वार्टच्या भावाला चारानं गुणा आणि ट्रेच्या भावाशी ताडून पाहा. ट्रे स्वस्तच पडेल असं नाही.

वीस मोठी माणसं आणि दहा मुलं, जेवणात दुसरं फारसं काही नाही, असं धरू.

भात आणि नूडल्स मिळून मोठ्यांना दीड कप, मुलांना एक. म्हणजे ४० कप, दहा क्वार्ट. आपल्या पार्ट्यांत लो मेन आधी संपतात, कारण मुलं दुसरं काही घेतच नाहीत. म्हणून लो मेनचे दोन हाफ ट्रे, फ्राइड राइसचा एक. थोडं उरेल, हरकत नाही.

भाजी आणि सॉसचे पदार्थ मिळून मोठ्यांना दीड कप, मुलांना अर्धा. ३५ कप, म्हणजे नऊ क्वार्टच्या आत. तीन पदार्थ म्हणून तीन हाफ ट्रे सांगितलेत तर बारा क्वार्ट होतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारी डबे द्यावे लागतात. त्यापेक्षा टोफूचा एक हाफ ट्रे, चिकन तीन क्वार्ट, फरसबी दोन क्वार्ट. सगळं ट्रेमध्येच हवं असा नियम नाही. क्वार्टचे डबे आणून घरच्या भांड्यात ओतले तर कुणाला कळतही नाही. शाकाहारी पदार्थ नेहमी जास्त धरा, कारण ते मांसाहारीही वाढून घेतात. उलटं होत नाही.

स्प्रिंग रोल माणशी दोन. पांढरा भात भाज्यांबरोबर मिळतो का ते विचारा, नाहीतर दोन क्वार्ट सांगा. साधा भात शोधणारे एक-दोन काका असतातच.

नेहमीची चूक: सातआठ पदार्थ सांगणं. प्रत्येकजण प्रत्येकातलं चमचाभर घेतो, कशाचाच अंदाज लागत नाही आणि चार टेबलं अडतात. पाच पुष्कळ झाले.

## टप्पा ८: ऑर्डर पक्की करणं

आठवडाभर आधी, समक्ष जाऊन, लिहून द्या. मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एक पदार्थ, मेनूतल्या क्रमांकासह. "नो एग" ज्या पदार्थाला हवं त्याच ओळीत. वर तारीख, वार, घेऊन जायची वेळ, नाव. एक प्रत स्वतःकडे ठेवा.

लिहिताना या सूचना त्यात घाला:

- जनरल त्सोचं तळण एका ट्रेमध्ये, सॉस वेगळ्या क्वार्टमध्ये. मऊ पडण्यावर हा एकमेव इलाज.
- स्प्रिंग रोल कागदी पिशवीत किंवा उघड्या ट्रेमध्ये, घट्ट झाकणाखाली नको.
- भाज्या किंचित कच्च्या ठेवा.
- प्रत्येक झाकणावर मार्करनं पदार्थाचं नाव, शाकाहारी ट्रेवर ठळक 'व्ही'.

पैशांचं आत्ताच बोला. आगाऊ किती, रोख आणि कार्डाचा भाव वेगळा आहे का, कर धरून किती. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि तयार जेवणावर तो लागतो. मेनूच्या मागची कुपनं केटरिंगला बहुधा चालत नाहीत. स्वतः उचलून आणलं तरी मोठ्या ऑर्डरवर दहा टक्के टिप देणं शोभून दिसतं, आणि पुढच्या वेळी फोनवर आवाज ओळखला जातो.

सावधान: ३१ डिसेंबर, नाताळ आणि सुपर बोलचा रविवार या दिवशी चायनीज टेकआउटमध्ये झुंबड असते. थँक्सगिव्हिंगला बरीच दुकानं बंद असतात, चिनी नववर्षाच्या सुमारासही काही दिवस. आठवड्यातली सुट्टी वेगळीच, कुठं सोमवार तर कुठं मंगळवार.

वेळ ठरवताना निमंत्रणातली वेळ धरू नका, जेवायला बसायची धरा. सहाचं बोलावणं असलं की आपली मंडळी पावणेसातला येतात, पानं मांडली जातात आठला. साडेपाचला आणलेले ट्रे तोवर मरगळतात. जेवणाच्या पाऊण तास आधी हातात येतील अशी वेळ सांगा. ती नेमकी दुकानाच्या गर्दीत येते, म्हणून "अर्धा तास इकडेतिकडे चालेल का" हे आधीच ठरवून घ्या.

## टप्पा ९: त्या दिवशी

दुकान उघडलं की फोन करून वेळ आणि पदार्थांची संख्या पुन्हा म्हणून दाखवा. आणायला दोघं जा. भरलेला ट्रे एका हातानं उचलला की मधोमध वाकतो. खाली बेकिंग शीट किंवा जाड पुठ्ठा धरायचा.

काउंटर सोडण्याआधी प्रत्येक झाकण उघडा. संकोच नको. भातात पिवळे तुकडे आहेत का, सॉस वेगळा आलाय का, सोया सॉसची पाकिटं आणि फॉर्च्युन कुकीज टाकल्यात का. चूक असेल तर तिथल्या तिथं दहा मिनिटांत भात नवा परतून मिळतो. घरी पोचल्यावर फक्त माफी मिळते. फॉर्च्युन कुकीच्या पाकिटावरचे घटकही वाचा, काहींत अंडं असतं.

गाडीत ट्रे डिकीत सपाट ठेवा, सीटवर नाही. सीट मागे उतरती असते आणि तेल त्याच बाजूला वाहतं. तळणाच्या झाकणाला चार भोकं पाडा, म्हणजे वाफ निघून जाईल.

## टप्पा १०: मांडणी

स्टर्नो (ट्रेखाली पेटवायचा इंधनाचा छोटा डबा) वापरणार असाल तर तारेचा स्टँड, त्यात पाण्याचा खोल ट्रे, त्यात बोटभर कढत पाणी, वर जेवणाचा ट्रे. नळाचं गार पाणी घातलंत तर ते तापण्यातच जेवण निवतं. जेवण यायच्या वीस मिनिटं आधी पेटवा. स्टर्नो गरम ठेवतो, गार झालेलं गरम करत नाही. लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर ठेवू नका आणि बंद गॅरेजमध्ये पेटवू नका.

स्टर्नो नको असेल तर ओव्हन २०० फॅरनहाइटवर ठेवून ट्रे फॉइलखाली झाकून आत ठेवा. तळण मात्र उघडं ठेवा, आणि वाढण्याआधी ४०० फॅरनहाइटवर पाच-सात मिनिटं. मग सॉस गरम करून, अर्धाच तळणावर ओता आणि हलकेच घोळवा. उरलेलं दुसऱ्या खेपेला.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे: गरम पदार्थ १४० फॅरनहाइटच्या वर हवा. त्याखाली दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर टाकून द्यायचा, आणि बाहेर ९० अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. जुलैतल्या अंगणातल्या पार्टीत हा दुसरा आकडा विसरला जातो. भाताला तो विशेष लागू, कारण शिजलेल्या भातात कोमट तापमानाला वाढणारे जिवाणू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

शाकाहारी ट्रे टेबलाच्या सुरुवातीला, चिकन दुसऱ्या टोकाला, प्रत्येकाला स्वतंत्र चमचा, आणि समोर नावाची पट्टी. 'टोफू' आणि 'चिकन' जनरल त्सोच्या सॉसमध्ये हुबेहूब सारखे दिसतात, तिथं पट्टीला पर्याय नाही. शेवटी दोन वाट्या: हिरव्या मिरचीचे काप घातलेलं व्हिनेगर आणि चिली क्रिस्प (तेलातली कुरकुरीत मिरची). गोड लागतंय अशी कुरकूर या दोन वाट्यांनी निम्म्यावर येते.

## टप्पा ११: उरलेलं

पाहुणे निघायची वाट न बघता, जेवणं आटोपताच उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये टाका. तीन-चार दिवस चालतं. खाताना वाफा येईपर्यंत, म्हणजे १६५ फॅरनहाइटपर्यंत, गरम करा. भातावर चमचाभर पाण्याचा हबका मारून झाकून. लो मेन मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर चांगल्या सुटतात. तारेची कडी असलेला कागदी डबा किंवा अॅल्युमिनियमचा ट्रे मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. स्टर्नोचे डबे पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ज्योत दिवसाच्या उजेडात दिसत नाही, तेव्हा विझलाय असं वाटलं तरी झाकण लावून बाजूला ठेवा.